मोडक्या सुईचे टोक



सुगी आटोपली की घरोघरी गोधड्यांचे काम निघते. जुनी लुगडी, धोतरे थरावर थर पसरून बायका दुपारभर टाके घालीत बसतात. महिन्याच्या मेहनतीने गोधडी पुरी होते, झटकायला उचलावी, आणि नेमकी तेव्हाच चूक दिसते. अशा वेळी काय करावे? शेतकी खात्यातल्या माणसाने गोधडीची उठाठेव कशाला करावी, असे तुम्ही म्हणाल. त्याचे कारण सांगतो.

माझे बालपण मुंबईत, लालबागच्या चाळीत गेले. आबा गिरणीत कामाला होते. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. ज्या भोंग्यावर आमची चाळ उठायची, तो मुका झाला. शेजारची कितीतरी बिऱ्हाडे सातारा, सांगली, कोकणाकडे आपापल्या गावी गेली. आमची गावाकडची जमीन थोडी, तीही कोरडवाहू. म्हणून आम्ही तिथेच राहिलो आणि आई लोकांच्या गोधड्या शिवू लागली. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो.

दादरच्या एका बाईंच्या लेकीचे बाळंतपण होते. त्यांनी बाळासाठी लहान गोधडी शिवायला दिली. मजुरी ठरली 15 रुपये. आईने आठ दिवसांत ती पुरी केली. सकाळी पोचवायची आणि त्या पैशांतून रेशन आणायचे, असे ठरले होते. रात्री सुया डबीत ठेवताना आई थबकली. एक सुई मोडलेली होती. नेढ्याकडचा अर्धा भाग हाती होता, टोक कुठेच नव्हते.

आम्ही जमीन झाडली, चटई झटकली, गॅलरीत कंदील धरून पाहिले. टोक मिळेना. आबा म्हणाले, “पडलं असेल फटीत. सकाळी गोधडी देऊन टाक. घरात दाणा नाही.”

आई म्हणाली, “अहो, फटीत असेल तर बरंच आहे. पण गोधडीत असेल तर? त्यावर तान्हं लेकरू निजणार आहे.”

तिने गोधडी तळहाताने चाचपली, पण थरांत काही लागेना. शेजारच्या काकांकडे मोडका रेडिओ पडून होता. त्याच्या कर्ण्यातला लोहचुंबक मी मागून आणला आणि गोधडीवरून सावकाश फिरवला. एका कोपऱ्यात, जिथे चार पदरी शिवण जाड झाली होती, तिथे कापड चुंबकाकडे ओढल्यासारखे झाले. आईने वीतभर शिवण उसवली आणि टोक बाहेर काढले. तिच्याजवळचा पांढरा दोरा संपला होता, म्हणून ती वीतभर शिवण निळ्या दोऱ्याने घातली.

सकाळी लालबागहून परळ, हिंदमाता करीत आम्ही मायलेक दादरला चालत गेलो. आईने निळे टाके स्वतः दाखवले आणि काय घडले ते सांगितले. बाईंनी दोन रुपये कापून घेतले. त्या घरचे काम पुन्हा आले नाही. परतताना मी रागाने म्हटले, “सांगितलंस कशाला?” आई म्हणाली, “अरे, तिच्या लेकराची गोधडी आहे. आत काय झालं होतं, ते तिला ठाऊक नको?”

पुढे मी बी. एस्सी. ॲग्री झालो, खात्यात लागलो. नोकरीची पहिली वर्षे होती. एका गावी फळ्यावर वांग्यावरच्या औषधाचे प्रमाण लिहून मी तालुक्याला परतलो. रात्री वही उघडली आणि अंगावर काटा आला. 10 लिटर पाण्याचे औषध मी एका लिटरला लिहून आलो होतो. मन म्हणू लागले, शेतकरी जाणते आहेत, बाटलीवरचे वाचतील. पण मला ती मोडकी सुई आठवली. पहाटेच निघालो, फळा पुसला, घरोघर गेलो. तरीही एकाने आदल्या सांजेला चार सऱ्या फवारल्याच होत्या. कोवळी रोपे करपली. तो चारचौघांत मला नाही नाही ते बोलला. मी ऐकून घेतले आणि त्या सऱ्यांपुरती रोपे पदरच्या पैशाने आणून दिली. त्या दिवसापासून प्रमाण लिहिले की बाटलीवरच्या मजकुराशी ताडून पाहिल्याशिवाय मी हातातला खडू खाली ठेवीत नाही.

तेव्हा भगिनींनो, गोधडीत चूक दिसली तर आधी ती कोणत्या जातीची हे ओळखा. एखादा टाका वाकडा गेला, तुकड्याचा रंग शोभला नाही, तर ती तशीच राहू द्या. त्याने ऊब कमी होत नाही. वरचे कापड विरले असेल तर उसवू नका, त्यावर ठिगळ लावा. पण आतला थर गोळा झाला असेल किंवा सुई-टाचणी राहिल्याचा संशय असेल, तर आळस न करता उसवा. सगळी गोधडी उसवण्याचे कारण नाही. दर तिसरा-चौथा टाका कापून मागच्या बाजूने दोरा ओढला की कापड फाटत नाही. पुन्हा शिवताना जुन्या शिवणीवर दोन बोटे मागून सुरुवात करा, म्हणजे जोड सुटत नाही.

नव्या कामाला बसताना सुया मोजून घ्या आणि उठताना पुन्हा मोजा. नवे कापड एकदा धुऊन मगच घाला, म्हणजे मागाहून आटत नाही. रंगीत तुकड्याचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबा. डाग उतरला तर तो तुकडा बाजूला ठेवा. थर पसरल्यावर आधी मोठे कच्चे टाके घाला, म्हणजे आतले कापड सरकत नाही.

आणि गोधडी दुसऱ्याची असेल, तर निळा टाका त्याला दाखवून द्या. दोन रुपये गेले तर जाऊ द्या. आई आता नाही. तिच्या डबीतली ती अर्धी सुई मात्र अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.