टी वजा यू

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, भल्याभल्यांची झोप उडवतो. लाप्लास ट्रान्सफॉर्मचा तक्ता आमच्या वर्गात सगळ्यांना पाठ होता. उलटं जायचं, म्हणजे इन्व्हर्स काढायचा म्हटलं की घाम फुटायचा. बरीच गणितं पार्शियल फ्रॅक्शनने सुटायची. पण एक भागिले ‘एस वर्ग अधिक एक’चा वर्ग असं काही समोर आलं, की तोडायला काही शिल्लकच नसायचं. मग सर फळ्यावर लिहायचे, ‘बाय कन्व्होल्यूशन थिअरम’.

कृती सरळ आहे. गुणाकारातले दोन भाग सुटे करायचे, दोघांचे इन्व्हर्स काढायचे. इथे दोन्हीकडे साइनच येतो. एकात यू घालायचा, दुसऱ्यात टी वजा यू, आणि त्यांच्या गुणाकाराचं शून्यापासून टीपर्यंत यूच्या अंगाने इंटिग्रेशन करायचं. सूत्र लावलं की दोन कोसाइनच्या वजाबाकीचं निम्मं हाती येतं. पहिल्या कोसाइनमध्ये यू असतो, दुसऱ्यात नुसता टी. हा दुसरा इंटिग्रेशनच्या बाहेर पडतो आणि टीने गुणला जातो. उत्तर: साइन टी वजा टी कोसाइन टी, सगळ्याचं निम्मं. पैकीच्या पैकी मार्क.

‘टी वजा यू’ कशासाठी, हे परीक्षेत कुणी विचारत नाही. ते मला पोस्टातल्या रिकरिंग डिपॉझिटने शिकवलं. पहिल्या महिन्याचा हप्ता मुदतभर व्याज कमावतो, शेवटचा जेमतेम महिनाभर. यूव्या महिन्यात भरलेल्या पैशाला टीपर्यंत जो वेळ उरतो, तोच टी वजा यू. हातात पडणारी रक्कम ही या सगळ्या हप्त्यांची, ज्याच्या-त्याच्या वयानुसार केलेली गोळाबेरीज.

पुढे पाटबंधारे खात्यात लागलो आणि हीच बेरीज पावसात भेटली. अमेरिकन इंजिनिअर शर्मन यांनी 1932 साली युनिट हायड्रोग्राफ मांडला. पाणलोटावर ठरावीक वेळात एक एकक पाऊस पडून वाहिला, तर नदीचा प्रवाह कसा चढतो आणि उतरतो, त्याचा हा आलेख. तासातासाच्या पावसाला तो लावायचा, प्रत्येक आलेख त्या-त्या तासाने पुढे सरकवायचा आणि उभी बेरीज मारायची. पूर काढायची ही रीत म्हणजे कागदावर हाताने केलेलं कन्व्होल्यूशनच.

भूकंपाच्या गणितात ड्युहामेलचं इंटिग्रल येतं, तेही याच घराण्यातलं. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा हादरा धरणातल्याच यंत्राने टिपला. ती नोंद जगभरचे धरण-अभ्यासक अजून वापरतात. त्यातला क्षणाक्षणाचा धक्का घेऊन, तो उरलेल्या वेळात किती विरला ते पाहत बेरीज केली, की बांधकाम किती हललं ते कळतं. धक्क्याची लय बांधकामाच्या लयीशी जुळली आणि विरण्याला वाव नसेल, तर काय होतं? एम-थ्रीच्या उत्तरात कोसाइनच्या मागे उभा असलेला टी तेच सांगतो: डोलणं वाढतच जातं. रेझोनन्स म्हणतात तो हाच.

म्हणून एम-थ्री शिकवणाऱ्यांना एक विनंती. प्रमेय फळ्यावर लिहिण्याआधी चार तासांच्या पावसाचे आकडे आणि एक हायड्रोग्राफ मुलांच्या हाती द्या आणि बेरीज त्यांनाच करू द्या. सूत्र मग पाठ करावं लागत नाही.