वीस रुपयांची पावती

पाळणाघराला सरकारी अनुदान मिळतं, एवढं मला ऐकून माहीत होतं. ते कुणाच्या नावावर मिळतं, कुठल्या कागदावर मिळतं आणि हातात केव्हा पडतं, याचा मात्र गंध नव्हता. बालवाडी शिक्षिकेचा कोर्स करून 2019 साली मी सोलापूरच्या पूर्व भागात एका छोट्या संस्थेच्या पाळणाघरात कामाला लागले. गाणी, गोष्टी, मणी-ठोकळ्यांचे खेळ, हाताने काढलेले तक्ते अशी सगळी तयारी करून गेले होते. संस्थेच्या सचिव ताईंनी माझं अक्षर पाहिलं आणि नाडीने बांधलेली एक जाड फाइल पुढ्यात ठेवली. म्हणाल्या, "मुलं झोपली की दुपारी हेही बघत जा."

पूर्व भाग म्हणजे विडी आणि यंत्रमाग. घराघरांत तेलुगू बोललं जातं. बायका उंबऱ्याशी नाहीतर खोलीच्या कोपऱ्यात मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसतात. सुपात तंबाखू, शेजारी भिजवून कापलेली पानं आणि त्याच फरशीवर रांगणारं मूल. मुलाने हात तोंडात घातला की आईचा हात थांबतो, आणि हात थांबला की त्या दिवसाची मजुरी कमी होते, कारण पैसे मोजून दिलेल्या विड्यांचे मिळतात. विडी कामगारांसाठीच्या 1966 च्या कायद्यात कारखान्याच्या आवारात पाळणाघराची तरतूद होती. पण घरी बसून वळणारीचं आवार कुठलं? तिची अडचण त्या तरतुदीच्या बाहेरच राहिली.

अंगणवाडी आहे की, असं कुणी म्हणेल. मीही आधी तेच म्हणत होते. अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली, तेव्हापासून गरीब वस्तीतल्या मुलांसाठी देशातली सर्वांत मोठी व्यवस्था तीच आहे. तिचं मोल मी कमी करणार नाही. पण अंगणवाडी काही तासांची असते आणि तिथे येऊन बसतात ती तीन वर्षांवरची मुलं. सहा महिन्यांच्या बाळाला दिवसभर सांभाळणं हे तिचं काम नाही. पाळणाघराचं तेच काम आहे. तेव्हाच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेच्या नियमांनुसार सहा महिने ते सहा वर्षांची 25 मुलं, दिवसाला साडेसात तास, महिन्याला 26 दिवस, एक सेविका आणि एक मदतनीस. झोपण्याची सोय, खेळ, खाणं, वजन, लसीकरणावर लक्ष, हे सगळं त्यातच.

कोर्समध्ये आम्ही ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ मन लावून शिकलो होतो. 1945 साली बोर्डीला त्यांनी मांडलेला बालशिक्षणाचा प्रयोग, मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जायचं ही दृष्टी. पण अंगणात गेलेल्या त्या शाळेची चटई, दूध आणि बाईंचं मानधन कुठून येतं, हे अभ्यासक्रमात नव्हतं. ते मला फाइलीतून शिकावं लागलं.

फाइलीतलं पहिलं कोडं होतं 60:30:10. खर्चाचे 60 टक्के केंद्राचे, 30 टक्के राज्याचे आणि 10 टक्के संस्थेचे. कागदावर दहा टक्के किरकोळ दिसतात. पण ज्या संस्थेचं सगळं उत्पन्नच गल्लीतल्या वर्गणीतून येतं, तिने ते कुठून उभे करायचे? सेविकेचं मानधन तेव्हा महिना 3,000 रुपये आणि मदतनिसाचं 1,500. पंचवीस मुलांचं शी-शू, खाणं, पडणं-रडणं साडेसात तास निभावणाऱ्या बाईच्या कामाची ही किंमत कुणी आणि कसली मोजदाद करून ठरवली असेल, हा प्रश्न मला तेव्हाही पडला आणि आजही पडतो.

दुसरं कोडं पालकांच्या शुल्काचं. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाकडून महिना 20 रुपये, आईवडिलांचं मिळून उत्पन्न 12,000 रुपयांपर्यंत असेल तर 100 आणि त्यावर असेल तर 200. नियम सरळ होता, वस्ती सरळ नव्हती. कुणाचं रेशन कार्ड सासऱ्याच्या नावावर, कुणाचं केशरी असूनही घरात चूल एकवेळ पेटणारी, कुणाचं कार्ड गावी तेलंगणात. यंत्रमागावर पाळी मिळेल तशी कमाई होते, तिचा दाखला कोण देणार? कुठल्या रकान्यात कुणाला बसवायचं, हे ठरवताना माझी दुपार संपून जायची.

त्या वीस रुपयांचीही पावती फाडावी लागे. मला आधी ते अवघड वाटलं. वीस रुपये घेताना बाईला ताटकळत ठेवायचं, मुलाचं पूर्ण नाव विचारायचं, कार्बन घालून लिहायचं. मग एका आईने मला तिची प्लॅस्टिकची पिशवी उघडून दाखवली. आत आधार कार्ड, लसीकरणाचं कार्ड आणि आमच्या सगळ्या पावत्या महिन्यांच्या क्रमाने घडी घालून ठेवलेल्या. "बाई, हे दाखवलं की पुढं शाळेत घेतील ना?" तिने विचारलं. शाळेत घ्यायला असली पावती लागत नाही, हे मी तिला सांगितलं. तरी तिने त्या पुन्हा तशाच नीट आत ठेवल्या. त्या दिवसापासून मी पावतीवर मुलाचं नाव घाईने लिहिलं नाही.

हिशेब मला शिकवला संस्थेच्या एका काकांनी. सहकारी बँकेतून निवृत्त झालेले, संध्याकाळी चहाला यायचे. ते म्हणायचे, "घरात पैसा आधी जातो, हिशेब मागाहून. सरकारात कागद आधी चालतो." प्रत्येक खर्चाला बिल, व्हाउचर आणि रोजकीर्दीतली नोंद, तिन्ही एकाच तारखेची हवीत. आता मंडईत बसलेली भाजीवाली बिल कुठून देणार? तिच्याकडून घेतलेल्या पालकाची जुडी आणि दोन किलो बटाट्यांसाठी मी हातपावती लिहायची, तिचा अंगठा घ्यायचा, मग ताईंची सही. किराणा दुकानदार कच्ची पावती देई. पक्की मागितली की म्हणे, मग दर वाढेल. पोषणाचा दर मुळातच तुटपुंजा असतो. अंगणवाडीतल्या मुलासाठी 2017 साली ठरलेला दर दिवसाला 8 रुपये, आणि त्यात 500 किलोकॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं बसवावी लागत. एक अंडं घेऊन बघा, म्हणजे आठ रुपये कुठवर जातात ते कळेल.

अनुदानाच्या अर्जासाठी संस्थेचं अस्तित्वही सिद्ध करावं लागतं. महाराष्ट्रात अशा संस्थांकडे सहसा दोन नोंदणीपत्रं असतात. एक 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखालचं आणि दुसरं धर्मादाय आयुक्तांकडचं, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचं. नीती आयोगाच्या 'एनजीओ दर्पण' पोर्टलवर नोंद, संस्थेचा पॅन, पदाधिकाऱ्यांचे पॅन आणि आधार, लेखापरीक्षकाचे अहवाल हेही लागतं. यात आम्ही अडकलो ते विश्वस्तांची नावं असलेल्या परिशिष्ट एकवर. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत बदल अहवाल धर्मादाय कार्यालयात द्यायचा असतो. आमच्या संस्थेच्या परिशिष्टावर एका दिवंगत आजींचं नाव तसंच होतं, कारण जुना बदल अहवाल निर्णयाविना पडून होता. पाळणाघर ज्यांच्या ओट्यावर सुरू झालं त्या त्याच आजी. आता त्यांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत शोधल्याशिवाय झोळीतल्या मुलाच्या दुधाचा कागद पुढे सरकणार नव्हता. हा संबंध पचवायला मला फार जड गेला.

सार्वजनिक पैसा आहे, तर चोख हिशेब हवा, हे मला मनापासून पटतं. सामान्य वित्तीय नियमांतला 12-अ नमुना म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र. किती मिळाले, किती खर्चले, किती उरले. अनुदानाच्या रकमेवर बँकेत व्याज मिळालं तर तेही सरकारचं. अनुदानातून कपाट घेतलं तर त्याची वेगळी नोंदवही, आणि परवानगीशिवाय ते विकायचं नाही. पैसा पीएफएमएस या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर नोंदवलेल्या खात्यातच येतो आणि कुठे गेला ते दिसतं. यातला एकही नियम मला चुकीचा वाटत नाही. कुपोषित मुलाच्या नावावर पैसे खाणारे लोक असतात, म्हणूनच हे नियम आले.

माझी तक्रार क्रमाची आहे. मूल रोज खातं. अनुदान हप्त्याने येतं, आणि मागचा हिशेब मान्य झाल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. मधले महिने कुणी भरून काढायचे? मोठ्या संस्थेकडे गंगाजळी असते. आमच्याकडे किराणा दुकानदाराची उधारीची वही होती आणि मदतनीस मावशी होत्या. हप्ता रखडला तेव्हा त्यांनी मानधनाविना काम चालू ठेवलं. म्हणजे ज्या 10 टक्क्यांना संस्थेचा वाटा म्हणतात, त्याहून मोठा वाटा 1,500 रुपये मिळवणारी बाई उचलत होती, आणि तो कुठल्याच ताळेबंदात दिसत नव्हता. जिथे गरज सर्वांत जास्त, तिथल्याच संस्था सर्वांत दुबळ्या. आधी खर्च करा आणि मग मागा, ही पद्धत त्यांनाच आधी बाहेर काढते.

एकदा तपासणीला आलेल्या बाईंची आठवण सांगते. सिद्धेश्वराची यात्रा चालू होती. या गड्डा यात्रेच्या दिवसांत निम्मी वस्ती मुलांना घेऊन यात्रेत असते. पट 25 चा आणि समोर मोजकीच मुलं. माझ्या पोटात गोळा आला. बाईंनी मागच्या महिन्यांचं हजेरीपत्रक मागितलं, वजनाची वही चाळली. दंडघेराची पट्टी हातात घेऊन एका मुलीचा दंड त्यांनी स्वतः मोजला. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, साडेबाराच्या खाली पिवळा. ती पिवळ्यातून नुकती हिरव्यात आली होती. बाईंनी शेऱ्यात "स्थानिक यात्रेमुळे उपस्थिती कमी" असं लिहिलं आणि त्या मुलीच्या नोंदीवर बरोबरची खूण केली. चांगला अधिकारी त्याच नियमांतून माणसासारखा वाट काढतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदीत पाळणाघर बंद झालं आणि झोळ्या गुंडाळून माळ्यावर गेल्या. 1 एप्रिल 2022 पासून ही योजना 'मिशन शक्ती'खाली 'पाळणा' या नावाने आली. आता भर अंगणवाडी-सह-पाळणाघरांवर आहे. देशभरात अशा 17,000 केंद्रांचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. अंगणवाडीतच लहान बाळांची सोय होणार असेल तर मला आनंदच आहे. इमारत, सेविका आणि पोषण एकाच ठिकाणी येतं, आणि दुबळ्या संस्थेने दहा टक्के शोधत फिरायला नको. पण विडी वळणारीची सकाळ आणि यंत्रमागावरच्या पाळीची वेळ धरूनच त्या केंद्राचे तास ठरायला हवेत. दुपारी दाराला कुलूप लागलं तर मूल पुन्हा सुपाशेजारी येईल. आणि पहिल्या तीन महिन्यांचा खर्च आगाऊ मिळायला हवा, हे माझं ठाम मत आहे. हिशेब कडक घ्या, पण पैसे आधी द्या.

फाइल आता मला येते. पण माझ्यासारख्या कितीतरी सेविका मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीतल्या वस्त्यांत मुलं झोपवून एकट्याच व्हाउचर लिहीत बसल्या असतील. तुम्ही बँकेत, शाळेच्या कार्यालयात किंवा लेखापरीक्षकाकडे उमेदवारी केली असेल, रोजकीर्द आणि ताळेबंद तुमच्या हातचा मळ असेल, तर जवळच्या पाळणाघरात किंवा बालवाडीत महिनाअखेरीस जाऊन बसा. देणगी नंतर द्या. आधी त्यांचं परिशिष्ट एक अद्ययावत आहे का, ते विचारा.