दुधाच्या पिशवीचा कोपरा

आमच्या सोसायटीत कचरा न्यायला 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या मावशी येतात. कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत पुण्यात १९९३ साली उभी राहिली. तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' निघाली. घरटी महिन्याचे ठरलेले पैसे मिळतात, शिवाय सुक्या कचऱ्यातलं जे भंगारात विकलं जाईल ते उत्पन्न मावशींचं. त्यामुळे कशाला भाव आहे आणि कशाचं नुसतंच ओझं, हे त्यांना नेमकं ठाऊक.

एकदा त्या पार्किंगमध्ये माल निवडत बसल्या होत्या. पुठ्ठा एकीकडे, पाण्याच्या बाटल्या दुसरीकडे, दुधाच्या पिशव्यांचा ढीग वेगळा. त्यातली एक पिशवी त्यांनी माझ्यापुढे धरली. "ताई, वास बघा. ही कोण घेणार?" मग एक विसळून वाळवलेली दाखवली. तिचा कोपरा अर्धाच कापलेला, तुकडा पिशवीलाच लटकत होता. "असा कापायचा. सुटलेला तुकडा कुठं शोधत बसू?" वेफर्सच्या चकचकीत पुड्या मात्र त्यांनी सरळ बाजूला सारल्या. वेगवेगळे थर एकमेकांना चिकटलेले. ते सुटे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला घेत नाही.

आता आमच्या सिंकजवळ रोज दुधाच्या पिशव्या वाळत असतात. भांड्यांबरोबरच विसळल्या जातात, वेगळं पाणी लागत नाही. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढतो, म्हणजे मावशींना पुडी उघडून बघावी लागत नाही. ओला कचरा गॅलरीतल्या भोकं पाडलेल्या बादलीत जातो: भाज्यांची सालं, चहाचा चोथा, वर मूठभर वाळका पाला. ओल जास्त झाली की वास सुटतो, अळ्या होतात. पाला वाढवला की दोन्ही आटोक्यात येतं.

पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीत टाकला गेला. ढिगाखाली हवेविना कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून मिथेन निघतो आणि असे डेपो धुमसत राहतात. झिरपलेलं काळं पाणी विहिरी नासवतं. तिथल्या गावकऱ्यांना त्यासाठी वारंवार रस्त्यावर उतरावं लागलं. २०१६ च्या घनकचरा नियमांनी वर्गीकरणाची जबाबदारी कचरा करणाऱ्यावरच टाकली. तरी आपण कालवून ठेवलेलं निवडायला मावशींचेच हात लागतात.

उद्या सकाळी दुधाची पिशवी कापाल तेव्हा कोपरा पूर्ण तोडू नका, आणि पिशवी विसळून वाळवूनच द्या.