पातळ पेज

18 जून
पावसाने आज जोर धरला. जव्हारहून आलेली एसटी फाट्यावरच थांबली, पुढे चिखल तुडवत पाड्यावर. अंगणवाडीत मुलांची महिन्याची वजनं होती. दीड वर्षाच्या एका मुलीच्या दंडाला पट्टी लावली तर काटा लाल भागात: 11.2 सेंटिमीटर. साडेअकराच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण, साडेबारापर्यंत पिवळा, त्यापुढे हिरवा.

आजी म्हणाली, "खातच नाय बाय. दोन घास घेते नि तोंड फिरवते." काय देता विचारलं तर वाटीच पुढे केली. वाटी कलती केली की पेज पाण्यासारखी काठापर्यंत धावते, तळाला चार शितं. एवढ्या पोराचं पोट किलोमागे जेमतेम 30 मिली धरतं. सात किलोचं मूल म्हणजे एक वाटी. ती वाटी पाण्यानेच भरली तर ते आणखी काय खाणार? तोंड फिरवणारच.

4 जुलै
सुकडीची पाकिटं वाटली, सह्या-अंगठे घेतले. कागदावर एका पाकिटाचा मालक एक मूल. घरात ते फुटतं तेव्हा भोवती पाच मुलं बसलेली असतात. वरच्या बैठकीत यावर "पालकांमध्ये जागृतीचा अभाव" असं लिहिलं जातं. मला ते पटत नाही. धाकट्याला द्यायचं आणि थोरल्याला बघत बसवायचं, हे कुठल्या आईला जमेल? शिधा मुलाच्या मापाने येतो आणि घराच्या मापाने संपतो.

23 जुलै
आवणी जोरात. आया उजाडता शेतावर जातात, दिवे लागता परततात. धाकटं पोर सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. म्हणजे आपण सल्ला देतो आईला आणि भरवते बहीण.

म्हणून आज भाषण नाही, चूल. सेविकाताईंनी नागलीचं पीठ घेतलं, पेजेपेक्षा निम्मं पाणी, वर भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट, गूळ आणि एक चमचा तेल. त्या एका चमच्यात 45 कॅलरी. वाटी तेवढीच राहते, पण अंगी लागतं. चमचा कलता केला तरी ओघळलं नाही की झालं, एवढीच खूण शिकवली. त्या मुलीच्या आजीला धास्ती होती, "घट्ट दिलं तर घशात अडकंल." मग तिच्याच हाताने भरवायला लावलं. अर्धी वाटी गेली. उरलेली तासा-दोन तासांनी द्यायची, हे बहिणीला सांगितलं. तिने लगेच विचारलं, "रोज तेल कुठून आणू?"

या प्रश्नाला माझ्या पिशवीतल्या तक्त्यात उत्तर नव्हतं. तक्त्यावर सफरचंद आहे, द्राक्षं आहेत. टाकळा, कुर्डू, लोत या रानभाज्या मात्र नाहीत, ज्या पावसाळ्यात इथे दारात उगवतात. तेलाचं अंगणवाडीच्या शिध्यातून बघू म्हटलं. लाल पट्टीच्या मुलांना ग्राम बाल विकास केंद्रात दिवसातून अनेकदा खाऊ घालायची सोय आहेच. पाड्यावरच केंद्र चालवायचं ठरलं.

13 ऑगस्ट
अमृत आहार योजनेचं ताट. गरोदर बाईने ते अंगणवाडीतच बसून खायचं असा नियम आहे, आणि तो शहाणपणाचा आहे. घरी नेलं की ताटाचे वाटे पडतात. 2015 साली ताटामागे 22 रुपये धरले होते, पुढे 35 झाले. भाकरी, भात, डाळ, पालेभाजी, अंडं, शेंगदाण्याचा लाडू या पैशांत बसवायचा म्हणजे सेविकेची परीक्षाच. आज दोघीच आल्या, बाकीच्या शेतावर.

9 सप्टेंबर
पोषण महिना. प्रभातफेरी, घोषणा, फोटो. रांगोळीत अंडं फार सुबक काढलं होतं. ताटातलं अंडं दोन आठवडे आलेलं नाही; पुरवठादाराचं बिल अडलंय म्हणे. फोटो मात्र वेळेत चढवले.

याच जव्हार तालुक्यात 1992 साली वावर-वांगणीत मुलं दगावली, तेव्हा राज्यभर खळबळ झाली होती. त्यानंतर योजना पुष्कळ आल्या, खरंच आल्या, हे नाकारणं अन्यायाचं होईल. उणीव शेवटच्या हातभर अंतरात राहते: ताटापासून तोंडापर्यंत.

21 नोव्हेंबर
दिवाळी झाली, पाडा रिकामा व्हायला लागला. उचल घेतलेली कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघाली. जूनमधल्या त्या मुलीचा दंडघेर आज 12.1. पिवळ्यात आली. गुरुवारी तीही निघणार. भट्टीवर ना आजी, ना चूल दाखवणाऱ्या ताई, आणि पुन्हा सकाळी उरकलेली पातळ पेज.

स्थलांतरित मुलाचं नाव जाईल तिथल्या अंगणवाडीत घालता येतं. अडचण एकच, भट्टी गावाबाहेर असते आणि तिकडे कुणी फिरकत नाही. निघणाऱ्या मुलांची यादी केली: वय, वजन, दंडघेर, भट्टीचं गाव, मुकादमाचा फोन. उद्या ती तालुक्याच्या कचेरीत देते, आणि तिकडच्या पर्यवेक्षिकांना स्वतः फोन करते. भट्टीशेजारच्या ताईंनो, यादी हाती येईपर्यंत थांबू नका. एकदा भट्टीवर जाऊन मुलं मोजून या.