टाकीवरचा डबा आणि दिव्यातली पोरं

पोस्ट जरा लांब आहे, पण सोसायटीच्या कमिटीत असाल तर वाचाच.

दिव्यात पाणी यायची वेळ आणि सेक्रेटरीची झोप यांचं कधी जुळत नाही. रात्री खालच्या टाकीत पाणी येतं, तेव्हाच ते वर चढवावं लागतं. खालची टाकी रिकामी होऊनही पंप चालू राहिला तर मोटर कोरडी फिरून जळते आणि रिवाइंडिंगचं बिल सगळ्यांच्या माथी. म्हणून डिप्लोमा केलेली आपली काही पोरं टाकीचं 'ऑटोमॅटिक' घरीच बनवून बसवून देतात. स्वस्तात. पण ते पहिला पावसाळा काढेलच असं नाही. मग 'लोकल माल' म्हणून नावं ठेवायला आपण मोकळे.

बातमीच्या निमित्ताने असे दोन-तीन बंद पडलेले डबे मी उघडून बघितले. प्रोग्राम ठीक होता, जोडणी कच्ची होती. शिकताना वापरतात तोच डेव्हलपमेंट बोर्ड आणि त्यावर जंपर वायरी नुसत्या खोचलेल्या. टेबलावर हे झकास चालतं. पंपाशेजारच्या थरथरीत आणि आपल्या दमट हवेत खोचलेली वायर सैल होते, पिनांवर गंज चढतो आणि पंप मनाला येईल तेव्हा सुरू होतो.

यावरचा उपाय त्याच बोर्डावर बसलेला असतो. ईएसपी३२च्या बोर्डावर पत्र्याचं झाकण असलेला जो चौकोनी तुकडा दिसतो ना, तो सुटाही विकत मिळतो. जेमतेम १८ बाय २५.५ मिलिमीटरचा. प्रोसेसर, मेमरी, वायफाय, अँटेना सगळं त्यातच. कडेला अर्धी कापल्यासारखी भोकं असतात, तिथून तो आपल्या स्वतःच्या पीसीबीवर थेट सोल्डर करायचा. रास्पबेरी पायवाल्यांनी २०२१ साली चार डॉलरचा पिको काढला, त्याच्याही कडेला अशीच भोकं आहेत. म्हणजे पिना लावून शिका किंवा पिना न लावता मालात बसवा. सगळ्यात अवघड भाग कंपनीने करून दिलेला असतो, आपण फक्त पॉवर सप्लाय, रिले आणि वायरी कसायची टर्मिनल्स यांचा साधा बोर्ड काढायचा. प्रोग्रामही जवळजवळ तोच चालतो. (अँटेना लोखंडी डब्यात कोंडू नका. वायफाय का येत नाही म्हणून दिवसभर डोकं खाजवणारे मी पाहिलेत.)

आपल्याच राज्यात पंपाच्या दुखण्यावर असं पक्कं उत्पादन झालेलं आहे. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या 'नॅनो गणेश'मुळे शेतकरी मोबाइलवरून शेतातला पंप चालू-बंद करू लागला. त्या उपकरणाला २००९ साली नोकियाच्या स्पर्धेत बक्षीसही मिळालं. त्या काळी हे सुटे तुकडे इतके स्वस्त आणि सहज मिळत नव्हते. आज लॅमिंग्टन रोडला एक चक्कर मारली की काम होतं.

तरी आपली पोरं अडतात, आणि मला खरं बोलायचंय ते यावर. दिवा पूर्वेचा एक मुलगा, दिवसा ठाण्यात नोकरी, रात्री घरात सोल्डरिंग. त्याने मॉड्यूलवाला पक्का बोर्ड तयार केलाय. प्रोग्राम अडकला तर तो आपोआप रीस्टार्ट करणारा वॉचडॉगही चालू ठेवलाय, जो त्या कच्च्या डब्यांत कुणी वापरलाच नव्हता. पण पीसीबी एक-दोन नग करून परवडत नाही, पन्नास घ्यावे लागतात आणि पैसे आधी मोजावे लागतात. शिवाय वायफायची वस्तू रीतसर विकायची तर केंद्राच्या दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए मान्यता लागते. तपासलेलं मॉड्यूल घेतलं तर रेडिओच्या चाचणीचे कागद तयार मिळतात, एवढीच त्यातली सोय. कागदाचं काम उरतंच, आणि ते कसं करायचं हे कॉलेजात कुणी सांगितलेलं नसतं.

एवढं करून तो एका कमिटीपुढे गेला. उत्तर मिळालं, "मागच्याने निम्म्यात बसवून दिलं होतं रे." मागच्याचं ते बंद पडून चार महिने झाले होते, हे बोलायचं मात्र राहून गेलं!

एमआयडीसीची सुरुवात १९६२ साली ठाण्यातच, वागळे इस्टेटमध्ये झाली. शेजारी डोंबिवलीची एमआयडीसी. कारखान्यांच्या इतक्या जवळ असून आपल्याकडे चार पोरांना बसून बोर्ड तपासायला एक टेबल नाही. महापालिकेच्या शाळेची एक खोली संध्याकाळी उघडी ठेवली, तिथे एक ऑसिलोस्कोप, एक हॉट एअर स्टेशन आणि परवान्यांची माहिती असलेला एक माणूस आठवड्यातून एकदा बसवला, तर त्याचा खर्च एखाद्या चौकाच्या सुशोभीकरणाइतकाही होणार नाही. मतं मागायला येतील त्यांना हे विचारा.

तोवर कमिटीवाल्यांनी एवढं करावं. डबा घेताना झाकण उघडून बघा. वायर खोचलेली दिसली तर परत द्या. मॉड्यूल सोल्डर केलेलं असेल, वायरी टर्मिनलमध्ये कसलेल्या असतील आणि पोरगा वर्षभराची लेखी हमी देत असेल, तर निम्मे पैसे आगाऊ द्या. त्या मुलाला पन्नास बोर्डांसाठी अजून तीन सोसायट्या कमी पडताहेत. नंबर हवा असेल तर मला मेसेज करा, त्याला विचारून देतो.