भिंतीला टेकलेली मावशी

“सर, आमच्याकडं मावशा अशा भांडत नाहीत.”

गेल्या पावसाळ्यात अंबड तालुक्यातल्या एका मुलीने सराव मुलाखत मधेच थांबवून हे म्हटलं आणि सरांनी आपटायला उचललेलं पासबुक हातातच राहिलं.

सर राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेले. जालन्यात गांधी चमनपासून चालत जाता येईल अशा एका माडीवर ते रविवारी बँकेच्या मुलाखतींची तयारी करून घेतात. उमेदवार काउंटरच्या आत, सर बाहेर. चिडलेला ग्राहक ही त्यांची हातखंडा भूमिका. कधी ते मोसंबीचे व्यापारी होतात, कधी पीककर्जाच्या नूतनीकरणासाठी तिसरी चक्कर मारणारा शेतकरी. ऑगस्ट २०२४पासून त्यात लाडकी बहीण योजनेतली मावशी आली. पहिल्या दोन महिन्यांचे ३,००० रुपये शेजारणीला ‘पडले’, हिला नाहीत. पासबुक आपटून ती विचारते, “माझे पैसे खाल्ले कुणी?”

हा प्रसंग सरांनी मुद्दाम निवडला, कारण त्याचं खरं उत्तर ‘नाही’ असं आहे. आधारवर येणारे पैसे खातेक्रमांक पाहत नाहीत. एनपीसीआयच्या नोंदीत आधार शेवटचं ज्या बँकेशी जोडलेलं असतं, तिथं ते जातात. मावशीचं जनधन खातं इथं, पण बचत गटाच्या वेळी दुसऱ्या बँकेत उघडलेलं खातं ती विसरून गेलेली. काउंटरवरच्या मुलाला एवढंच सांगता येतं की पैसे इथं आलेले नाहीत. ते सांगावं कसं, या एका गोष्टीपाशी सर निवृत्तीनंतरची सगळी वर्षं घुटमळताहेत.

मुलं दोन तऱ्हांनी चुकतात. काही जण “आमच्या हातात नाही” म्हणून मोकळे होतात. काही जण “येतील दोन दिवसांत” म्हणतात, आणि सरांना हे जास्त खुपतं. त्या दोन दिवसांच्या भरवशावर बाई रोज बुडवून, एसटीचं अर्धं तिकीट काढून पुन्हा येते. ‘नाही’ म्हटल्यावर पुढचं वाक्य किती वेळाने यावं, स्क्रीनवरची नजर कधी उचलावी, पासबुक काउंटरवरून सरकवावं की हातात द्यावं, यातल्या एकेका बारकाव्यावर त्यांनी अख्खा रविवार घालवला आहे.

मुलीने सांगितलं ते असं. तिची आई त्याच ऑगस्टात शाखेत गेली होती. “पैसे नाहीत” हे ऐकल्यावर तिने काहीच विचारलं नाही. पासबुक पदराखाली धरून ती भिंतीला टेकून उभी राहिली. अर्धा तास. काउंटरवरचा माणूस उद्धट नव्हता, तो पुढच्या माणसाचं काम करत राहिला. आई घरी आली आणि म्हणाली, “आपलं नाव यादीत नसंल.”

नाव होतं. पैसे बचत गटाच्या वेळच्या खात्यात पडून होते.

त्या रात्री सरांचा डोळा लागला नाही. आईची कीव आली हे खरं, पण झोप उडाली ती स्वतःच्या उत्तरापायी, हे ते लपवत नाहीत. चिडलेल्या ग्राहकाच्या प्रश्नावर त्यांनी एक उत्तर घडवलं होतं: आधी पूर्ण ऐकून घेईन, मग झालेल्या त्रासाबद्दल माफी मागेन, मग पुढचा मार्ग सांगेन. छत्रपती संभाजीनगरला एका खासगी बँकेच्या मुलाखतीत एकाच दिवशी तीन मुलांनी ते शब्दाला शब्द दिलं, तेव्हा चौथ्याला पॅनेलवरच्या बाईंनी विचारलं होतं, “तुम्हीपण जालन्याचेच का?” हा किस्सा सर प्रत्येक नव्या तुकडीला सांगत. तीन मुलांच्या तोंडी आपला आवाज उमटला, याचा त्यांना अभिमान होता. पण जी बाई बोलतच नाही, तिचं पूर्ण ऐकून कसं घेणार? उत्तराची पहिलीच पायरी निखळली होती.

इतर क्लासवाल्यांवर त्यांचा राग जुना. शंभर प्रश्न, शंभर उत्तरं छापणाऱ्या पुस्तिकांना ते हात लावू देत नाहीत. शाखांच्या भिंतींवर गांधीजींच्या नावाने लावलेलं ग्राहकाविषयीचं वचन मुलं धडाधड म्हणून दाखवतात. ते गांधीजींच्या लेखनात सापडत नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

मोठा वाद मात्र भरतीच्या पद्धतीशी. १५ ऑगस्ट २०१५च्या भाषणात पंतप्रधानांनी कनिष्ठ पदांच्या मुलाखतींचा मुद्दा काढला, १ जानेवारी २०१६पासून केंद्राने त्या थांबवल्या आणि सरकारी बँकांच्या लिपिक भरतीतूनही मुलाखत गेली. वशिल्याची एक वाट बंद झाली, हे सरांना मान्य आहे. १९८६मध्ये स्वतःच्या मुलाखतीला मीटरगेजच्या गाडीने निघताना वडिलांनी “चिठ्ठी कुणाची आणू?” असं विचारलं होतं, ते त्यांच्या लक्षात आहे. तरी २०२५च्या जाहिरातीत आयबीपीएसने लिपिकाला ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ केलं, तेव्हा त्यांना राहवलं नाही. पदाच्या नावात सेवा आली, पण समोरच्याशी हा माणूस कसा वागेल, हे नेमणुकीआधी कुणी पाहत नाही. स्थानिक भाषेची चाचणी होते, ती मराठी येते का एवढंच तपासते. ‘हैदराबाद बँकेतलं खातं’ म्हणणारे आजोबा १ एप्रिल २०१७ला स्टेट बँकेत विलीन झालेल्या स्टेट बँक ऑफ हैदराबादविषयी बोलताहेत, हे उत्तम मराठी येणाऱ्या मुलालाही उमगेलच असं नाही. मुलाखत उरली ती अधिकारीपदांपुरती आणि खासगी व स्मॉल फायनान्स बँकांत. सरांकडे येणारी बहुतेक मुलं तिथंच जाणारी.

ती मुलगीही अशाच एका खासगी बँकेच्या मुलाखतीला गेली. चिडलेल्या ग्राहकाचा प्रश्न आलाच. तिने सरांचं उत्तर दिलं नाही. “चिडलेला माणूस निदान बोलतो तरी. मी रांग ओसरल्यावर भिंतीशी कोण उभं राहिलंय ते बघेन,” असं ती म्हणाली. पॅनेलने पुढचा प्रश्न घेतला. तिची निवड झाली नाही.

“माझं उत्तर दिलं असतंस तर झाली असती,” असं सर तिला बोलून गेले. ते बोलल्याची त्यांना आजही लाज वाटते.

आता रविवारी मावशी भांडत नाही. ‘नाही’ ऐकून ती बाजूला होते आणि उमेदवार पुढच्या माणसाला बोलावतो. पण भिंतीला टेकून गप्प राहणं सरांना साधत नाही. दुसऱ्या मिनिटाला ते खाकरतात, पासबुक चाळतात, कुणीतरी आपल्याकडे पाहावं म्हणून. परवाच्या रविवारी त्या मुलीने त्यांच्या हातून पासबुक घेतलं आणि स्वतः भिंतीशी जाऊन उभी राहिली. सर काउंटरच्या आतल्या खुर्चीत बसले. त्यांनी तिला पैसे आले नसल्याचं सांगितलं, पासबुक हातात दिलं आणि रांगेतल्या पुढच्या मुलाला हाक मारली.