उतरणीची आच

रत्नागिरीत सपाट रस्ता असा फारसा नाहीच. मांडवीच्या समुद्राकडून निघून मारुती मंदिराकडे यायचं तर चढ, भाट्याचा पूल ओलांडून पावसकडे निघालं की चढ, आणि महामार्गाला लागावं तर निवळीची वळणं आणि हातखंब्याचा उतार. सड्यावरून, म्हणजे वरच्या पठारावरून, खाडीत आणि खाडीतून पुन्हा सड्यावर, असा हा सगळा मुलूख. इथे गाडी चालवणाऱ्याचा डावा पाय सतत कामाला असतो, आणि तो कसा कामाला असतो त्यावरून गाडीचं आयुष्य ठरतं.

घाट उतरणारी एसटी मला ऐकत बसावीशी वाटते. कोल्हापूरहून येणारी गाडी आंबा गाव सोडते, जुलैचं धुकं काचेला चिकटलेलं असतं, निम्मे प्रवासी झोपेत. पहिलं वळण अजून दिसलेलंही नसतं, तेवढ्यात ड्रायव्हर गिअर खाली घेतो. इंजिनाचा आवाज एकदम चढतो, भरून येतो आणि गाडी स्वतःला मागे ओढून धरल्यासारखी सावकाश उतरू लागते. त्यानंतर ब्रेकचा स्पर्श अगदी थोडा, वळणाच्या तोंडाशी तेवढ्यापुरता, आणि पाय लगेच बाजूला. घोंघावणारा तो एकसुरी आवाज साखरप्यापर्यंत सोबत करतो. नव्या माणसाला वाटतं, इंजिनावर केवढा ताण आणलाय! प्रत्यक्षात त्या वेळी गाडीत सगळ्यांत निवांत तेच असतं. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, असं जुने ड्रायव्हर सांगतात. त्या सांगण्यात पदार्थविज्ञानाचा एक आख्खा धडा आहे.

माणसांसकट बाराशे किलोची मोटार पाचशे मीटर खाली उतरली, तर उंचीमुळे तिच्यात साठलेली ऊर्जा कुठेतरी जावीच लागते. हिशोब मांडला तर ती साधारण एकोणसाठ लाख ज्यूल भरते. आपल्या न्हाणीघरातला वीस लिटरचा तांब्याचा बंब गार पाण्यापासून उकळीपर्यंत आणायला एवढीच उष्णता लागते. भरलेल्या पंधरा टनी बसला असे बारा बंब. त्यातला काही भाग वारा आणि टायर घेतात. बाकीची आच कुठे टाकायची, एवढाच प्रश्न घाट प्रत्येक ड्रायव्हरला विचारतो. इंजिन बनवलंय तेच उष्णता बाहेर टाकण्यासाठी. त्याच्याभोवती पाणी खेळतं, पुढे रेडिएटर, त्यामागे पंखा. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला आणि गाडी गिअरमध्ये ठेवली की चाकं उलट इंजिनाला फिरवतात, आणि हवा ओढण्या-ढकलण्यात, आतल्या घर्षणात ती ऊर्जा खर्ची पडते. बिचाऱ्या ब्रेककडे मात्र काय आहे? लोखंडाचा एक ड्रम किंवा चकती, आणि तिला घासणारं बोटभर जाडीचं लायनर.

गंमत अशी की या लायनरचा जन्मही उतारावरच झाला. इंग्लंडात डर्बीशायरच्या डोंगराळ भागात घोडागाड्यांचे चालक उतरणीला लाकडी ब्रेकच्या ठोकळ्यावर जुन्या बुटांचं कातडं लावत. ते पाहून हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाला घर्षणासाठी मुद्दाम बनवलेल्या अस्तराची कल्पना सुचली, आणि 1897 मध्ये त्याने तो उद्योग सुरू केला. त्याची ‘फेरोडो’ लायनर आजही जगभर विकली जातात. कातडं गेलं, नवनवे पदार्थ आले, पण मर्यादा तीच राहिली. ठरावीक तापमानापलीकडे लायनरमधली राळ जळू लागते, वायू सुटतो, पकड सुटते. ड्रम तापून फुगतो आणि लायनरपासून लांब जातो. पाय तोच, जोर तोच, आणि गाडी मात्र थांबत नाही. ‘ब्रेक फेल झाले’ असं आपण वर्तमानपत्रात वाचतो, तेव्हा पुष्कळदा ब्रेक आधी दोन-तीन किलोमीटर दाबून धरलेले असतात.

यात कोकणच्या हवेचाही वाटा आहे, आणि तो फार कुणी लक्षात घेत नाही. मोटारीतलं ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट 3 प्रतीचं ताजं ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शिरल्यावर हीच मर्यादा 140 अंशांवर येऊ शकते. आपल्याकडे चार महिने भिंतींना बुरशी येते, मीठ बरणीत पाणी सोडतं. त्या बाटलीतल्या द्रवाला वेगळा न्याय कोण देणार? तापलेल्या ब्रेकमध्ये हे ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, आणि पेडल पायाखाली भुसभुशीत खाली जातं. दोन वर्षांनी ते बदलावं, हे सांगायला मला कधीही संकोच वाटत नाही, कुणाच्याही घरी.

क्लचची गोष्ट याहून नाजूक. मिरजोळ्याच्या बाजूला एका गॅरेजमध्ये एका वडापच्या जीपची क्लच प्लेट टेबलावर काढून ठेवली होती. मेकॅनिकने ती माझ्या हातात दिली. “ताई, बोट फिरवून बघा.” प्लेटच्या अस्तराखाली बुडालेल्या असाव्यात त्या रिबेटी आता वर येऊन चकाकत होत्या. अस्तर काळं, काचेसारखं गुळगुळीत झालेलं, आणि त्याला तो वास, जळक्या कागदाचा आणि जळक्या केसांचा मिसळून येतो तसा, एकदा नाकात बसला की जन्मभर ओळखू येणारा. फ्लायव्हीलवर निळसर-जांभळे डाग आणि केसाएवढ्या बारीक भेगा. लोखंड निळं पडतं ते खूप तापल्यावरच. “गाडी काही वाईट नाही हो,” तो म्हणाला, “पाय वाईट आहे. क्लचवरून उचलतच नाही.”

पाय क्लचवर नुसता टेकवून ठेवला तरी पुरे होतं. बेअरिंग फिरत राहतं, प्रेशर प्लेटचा दाब किंचित कमी होतो, आणि इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामध्ये अगदी थोडं घसरणं सुरू होतं. दोन गोष्टी एकमेकींवर दाबलेल्या आणि वेगवेगळ्या गतीने फिरणाऱ्या, म्हणजे आच आलीच. पूर्ण दाबलेला क्लच प्लेट झिजवत नाही, पूर्ण सोडलेलाही नाही. झिजवतो तो मधला, हाफ क्लच. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उठवणं, चढावर रांगेत उभं असताना हँडब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी तोलून धरणं, चढ लागल्यावर वेळेत गिअर खाली न घेता गाडी गुदमरू देणं आणि मग क्लचला थोडं दाबून तिला वाचवणं, या तीन सवयींनी जेवढ्या प्लेटी जाळल्या असतील तेवढ्या कुठल्याही घाटाने जाळल्या नसतील.

आरे-वारेच्या रस्त्यावर हे सुट्टीच्या दिवसांत रोज दिसतं. वरून दोन्ही किनारे एकदम डोळ्यांत भरतात, सुरूची झाडं, निळं पाणी, आणि पाहुण्यांच्या गाड्या ऐन चढावर थबकतात. मोह मी समजू शकते; तो देखावा थांबायला लावणाराच आहे. पण मागे चढत येणाऱ्या भरल्या टेम्पोलाही मग थांबावं लागतं, आणि त्या कलावरून ओझ्यासकट पुन्हा उठताना त्याच्या क्लचमधून निघालेला धूर त्या देखाव्याची किंमत असते. 2017 च्या मोटार वाहन चालन विनियमांत डोंगरी आणि तीव्र उताराच्या रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला प्राधान्य दिलंय, त्यामागे हीच समज आहे. उतरणाऱ्याला थांबणं सोपं. चढणाऱ्याला पुन्हा उठणं महाग.

मग काहीजण विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे: लायनर स्वस्त, क्लच प्लेट महाग, तर गाडी थांबवायला क्लचची झीज कशाला? शहरात हे अगदी खरं. मारुती मंदिरच्या चौकात थांबायचंय म्हणून चौथ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून दुसरा असं क्लच घासत उतरण्याची गरज नाही, ब्रेक लावावा. लांब उतरणीचं गणित वेगळं. तिथे गिअर एकदाच, माथ्यावर बदलायचा, आणि क्लच पूर्ण सोडून द्यायचा. त्यानंतर उतरणभर क्लचला काही काम उरत नाही. बदलतानाही किंचित रेस देऊन इंजिनाची गती गिअरच्या गतीशी जुळवली तर सांधा इतका अलगद बसतो की झीज जवळजवळ होतच नाही.

जुन्या एसटी ड्रायव्हरांना हे करावंच लागे. गिअरची गती आपोआप जुळवणारी सिंक्रोमेशची सोय कॅडिलॅकने 1928 मध्ये मोटारीत आणली, पण आपल्याकडच्या जड गाड्यांत ती कितीतरी वर्षं नव्हती. क्लच दाबा, गिअर न्यूट्रलला आणा, क्लच सोडा, रेस द्या, पुन्हा दाबा, आणि मग खालचा गिअर: डबल क्लच. गती चुकली तर गिअरबॉक्स करवतीसारखी ओरडायची. कानांनी चालवण्याची ती विद्या होती, आणि तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. 1948 पासून एसटीने हे डोंगर चढून-उतरून गावं जोडली, त्यात या कानांचा वाटा कुठल्या अहवालात आलेला नाही.

न्यूट्रलवर गाडी सोडून डिझेल वाचवण्याची समजूत मात्र जुन्यांतही होती आणि नव्यांतही आहे. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये राहून पाय काढला की इंधन बहुतेक वेळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. म्हणजे बचत शून्य, आणि सगळी आच ब्रेकच्या माथी. हातखंब्याच्या उतारावर टँकर उलटल्याच्या बातम्या वाचताना दर वेळी माझ्या पोटात गोळा येतो. कारण प्रत्येक अपघाताचं वेगळं असेल, ते मी घरात बसून ठरवू शकत नाही. पण जड गाडी आणि लांब उतार यांचा हिशोब कुणालाच माफ होत नाही. 1999 पासून कोकण रेल्वे भरलेले ट्रक वाघिणींवर चढवून नेते. कोलाडला चढलेला ट्रक वेर्ण्याला उतरतो, साडेसहा किलोमीटरच्या करबुड्याच्या बोगद्यातून जातो, आणि ड्रायव्हर आपल्याच केबिनमध्ये पाय पसरून असतो. घाटाची सगळी आच रुळांनी वाचवली, यासारखी शहाणी योजना क्वचितच.

शिकवणाऱ्या गाड्या मात्र अजून सड्यावरच्या सपाट रस्त्यांवर फिरतात. परवान्यासाठी आठाचा आकडा काढून घेतात, उतरणीचा गिअर प्रत्यक्षात फारसा कुणी विचारत नाही. भाचीने या वर्षी शिकायला घेतलं तेव्हा मी तिच्या शिकवणाऱ्यांना गळ घातली: तिला एकदा आंबा घाटात न्या, साखरप्याहून चढवा, माथ्यावर गाडी बाजूला घेऊन चहा प्या, इंजिन निवू द्या, आणि मग उतरवा. ते म्हणाले, “एवढ्या लांब कशाला? ऑटोमॅटिकच घेणार असेल ना?” मी म्हटलं, बऱ्याच ऑटोमॅटिकलाही खालच्या गिअरसाठी एल असतो, आणि तोही माथ्यावरच टाकायचा असतो. येत्या रविवारी ते नेणार आहेत.